तमाशाचीं जाहिरातचित्रें आणि संग्राहकांची अभिरुचि

जुन्या छापील चित्रांचा संग्रह करण्याचा छंद आपल्याकडे आतां चांगलाच मूळ धरूं लागला आहे. १८७८ मध्यें निघालेल्या पुण्याच्या चित्रशाळेचें एखादें शिळाछाप चित्र, रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी, किंवा बाबूराव पेंटर यांच्या ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या मूकपटाचें भित्तिपत्रक हातीं लागलें म्हणजे संग्राहकास धन्यता वाटते; आणि ती वाटावी हें योग्यच आहे. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्यें मुंबईस निघाला, पुढें मळवलीस गेला आणि १९७२ मध्यें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. अशा वस्तूंची दुर्मिळता कोणासही समजते. परंतु त्याच पुणें जिल्ह्यांत, जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवीं, जें चित्रभांडार दरसाल उघड्यावर मांडलें जात आलें, त्याकडे या रसिकांची दृष्टि सहसा वळलेली नाहीं.

गुढीपाडव्याच्या सुमारास तेथें तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. जुन्नर-आंबेगांवांतले आणि दूरदूरच्या गांवांचे पंच येऊन आपापल्या जत्रेची सुपारी देतात. राहुटीपुढील फलक हा या व्यवहारांत फडाचा पहिला वकील होय. त्याचे रंग भडक असतात, हें खरें. पण उन्हांत, धुळींत, चालत्या एस्. टी.च्या खिडकींतून वाचावयाच्या अक्षरास सौम्यपणा शोभावा कसा? चेहरे मात्र पुष्कळदा ठोकळेबाज, कधीं चित्रपटांच्या जाहिरातींवरून सरळ उचललेले असतात. हा दोष झांकण्यांत अर्थ नाहीं. या कलेचें बळ चेहऱ्यांत नसून अक्षरांत आहे, आणि अक्षरांतही नांवांत. विठाबाई नारायणगांवकर (१९३५–२००२) यांच्या कीर्तीनें या गांवाच्या नांवास जें वजन आलें, तें कोणत्याही चित्रकाराच्या कुंचल्यास साधलें नसतें. त्यांच्या वडिलांचा व चुलत्यांचा फड ‘भाऊ बापू मांग नारायणगांवकर’ या नांवानें गाजला. फडाच्या नांवांतच जात उघड उच्चारलेली! दिवाणखान्यांत लक्ष्मी टांगणाऱ्या आमच्या सुशिक्षित संग्राहकास येथें संकोच वाटतो, आणि त्या संकोचास तो ‘अभिरुचि’ म्हणतो, असा आमचा संशय आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, फिरत्या फडांच्या भित्तिपत्रकांत स्थळ व तारीख यांसाठीं पुष्कळदा कोरी जागा सोडलेली असते. तेथें हातानें लिहिलेलें गांवाचें नांव हौशी माणसास डाग वाटतें. तो स्वच्छ प्रत शोधीत बसतो. आमच्या मतें लिहिलेली प्रतच अधिक मोलाची होय. कोरा कागद कोणत्याही गांवचा असूं शकतो. लिहिलेला कागद एका रात्रीचा, एका जत्रेचा साक्षीदार असतो. रविवर्म्यांच्या छापील देवतांवर घरच्या स्त्रियांनीं जर व टिकल्या चिकटविल्या, त्या प्रती आज संग्रहांत कौतुकानें मांडल्या जातात. तेथें वापरणाऱ्याचा हात शोभा ठरतो आणि येथें तोच हात डाग कां ठरावा?

फ्लेक्स आल्यापासून हातीं रंगविलेले फलक झपाट्यानें मागें पडले, आणि कागदी पत्रकें तर जत्रेपुरतींच चिकटविलेलीं; पावसाळ्यानंतर तीं भिंतीवर राहतीलच कशीं? ज्यास संग्रह करावयाचा आहे, त्यानें आतां फडमालकांच्या जुन्या पेट्या पाहाव्यात, आणि कागदाबरोबर वगाचें, सोंगाड्याचें व गांवाचें नांवही विचारून त्याच दिवशीं टिपून ठेवावें.