जास्तीची तार

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या चांगल्या वायरमनने वेल्डिंग मशीनसाठी बांधलेली एक्स्टेन्शन केबल मिळाली, तर तिच्या प्लगचं झाकण उघडून पाहावं. आत तीन तारा दिसतात. तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल अगदी मापात कापलेल्या. हिरवी-पिवळी अर्थची तार मात्र थोडी लांब, सैल वळण घेऊन बसलेली. नवख्याला हा गबाळेपणा वाटेल. माझ्या मते साऱ्या बांधणीतली सर्वांत सुंदर जागा हीच. केबलला हिसका बसला, पकड सुटली, तर फेज आणि न्यूट्रल आधी निखळाव्यात आणि अर्थ सगळ्यांत शेवटी, हे त्या वळणात आधीच ठरलेलं असतं. अर्थची पिनही याच विचाराने जाड आणि लांब केलेली: आत जाताना पहिली, बाहेर येताना शेवटची.

पकडही पाहावी. ती बाहेरच्या जाड आवरणाला धरते, आतल्या तारांवर ताण येऊ देत नाही. स्क्रूखाली कथील लावून चकचकीत केलेलं टोक मला आवडत नाही. कथील दाबाखाली हळूहळू दबतं, जोड ढिला पडतो, तापतो. क्रिंप केलेला लग दिसायला साधा, पण टिकाऊ.

तारेची जाडी हिशेबाने येते. 25 मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन 50 मीटर तांबं. 1.5 चौरस मिलिमीटरच्या तारेतून 25 अँपिअर गेले, तर 14-15 व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि सगळी केबल तापते; 4 च्या तारेत जेमतेम साडेपाच. निफाडकडे मळ्यात, जिथे व्होल्टेज आधीच कमी, तिथे द्राक्षमांडवाचे अँगल जोडताना रॉड चिकटू लागला की दोष रॉडला दिला जातो. बऱ्याचदा दोष बारीक तारेचा असतो. ड्रमवर गुंडाळलेल्या केबलची उष्णता कोंडते, म्हणून जाणता माणूस काम जवळ असलं तरी ती पूर्ण उलगडतो.

आणि ती जास्तीची तार प्लगपाशी संपत नाही. सॉकेटमागून ती अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत पोचलेली असावी लागते. नाशिकच्या खडकाळ जमिनीत, उन्हाळ्यात, त्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं.