प्रयोग-आराखड्याचे सॉफ्टवेअर आणि संशोधकाचा विवेक : एक चिकित्सा

प्रस्तावना :

प्रयोगाची मांडणी हे स्वतंत्र शास्त्र आहे, ही जाणीव रोनाल्ड फिशर यांच्या ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ (१९३५) या ग्रंथाने दृढ केली. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेती-प्रयोगांच्या अनुभवातून त्यांनी यादृच्छिकीकरण, पुनरावृत्ती आणि गटवारी ही तीन तत्त्वे विकसित केली. प्रयोग उरकल्यानंतर घेतलेला संख्याशास्त्रीय सल्ला हा शवविच्छेदनासारखा असतो, या आशयाचा इशारा त्यांनी १९३८ साली कलकत्ता येथे भरलेल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत दिला होता. पुढे पानसे व सुखात्मे या मराठी संख्याशास्त्रज्ञांच्या शेतीक्षेत्रातील कार्यकर्त्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथाने (१९५४) हा विचार भारतीय कृषिसंशोधनात रुजविला. आज मिनिटॅब, जेएमपी, डिझाइन-एक्सपर्ट यांसारखी सॉफ्टवेअर आणि ‘आर’ ही विनामूल्य संगणकभाषा प्रयोगशाळेत सहज उपलब्ध आहेत. आराखडा काही मिनिटांत मिळतो. परंतु आराखडा मिळणे म्हणजे प्रयोग आराखड्यानुसार होणे नव्हे. प्रस्तुत लेखात या अंतराची चिकित्सा केली आहे.

सॉफ्टवेअरचे सामर्थ्य :

सात घटक प्रत्येकी दोन पातळ्यांवर तपासावयाचे असल्यास पूर्ण आराखड्यास १२८ प्रयोग लागतात. आंशिक आराखड्यात हेच काम ८ प्रयोगांत करता येते. प्लॅकेट व बर्मन (१९४६) यांच्या १२ प्रयोगांच्या आराखड्यात ११ घटकांची प्राथमिक चाळणी होते. एका वेळी एकच घटक बदलण्याच्या जुन्या पद्धतीत घटकांची परस्परक्रिया दृष्टीआड राहते. बहुघटकी आराखडे ती उणीव दूर करू शकतात. ही किचकट आकडेमोड सॉफ्टवेअर अचूक करते, हे निर्विवाद आहे. मात्र प्रयोगांच्या बचतीची किंमत द्यावी लागते. सात घटकांच्या ८ प्रयोगांत एकेका घटकाचा परिणाम इतर दोन घटकांच्या परस्परक्रियांशी मिसळून जातो. सॉफ्टवेअर या मिसळणीचा तक्ता दाखविते. तो न वाचताच पुढे जाणारा संशोधक मात्र एका घटकाचे श्रेय दुसऱ्यास देऊन बसतो.

वापरातील दोष :

उदाहरणादाखल एखाद्या विकराच्या उत्पादनासाठी तापमान, सामू आणि कालावधी या तीन घटकांचा बॉक्स-बेन्केन आराखडा (१९६०) विचारात घेऊ. त्यात १२ बिंदू आणि मध्यबिंदूची ५ आवर्तने असे १७ प्रयोग होतात. सॉफ्टवेअर त्यांचा यादृच्छिक क्रम देते. प्रयोगशाळेत उष्मायनपेटी एकच असेल, तर वारंवार तापमान बदलणे गैरसोयीचे ठरते. मग एका तापमानाचे सर्व प्रयोग एकत्र उरकले जातात. विश्लेषण मात्र क्रम यादृच्छिक होता असे गृहीत धरूनच होते. त्या दिवशीच्या माध्यमाचा किंवा पेटीचा दोष तापमानाच्या खात्यावर जमा होतो. वस्तुतः अशा परिस्थितीसाठी विभाजित-क्षेत्र आराखडा उपलब्ध आहे. बदलण्यास कठीण असलेला घटक प्रारंभीच सॉफ्टवेअरला सांगितल्यास ही अडचण टळते.

दुसरा दोष पुनरावृत्तीच्या अर्थाविषयीचा आहे. एकाच चंबूतील द्रावणाची पाच वेळा मोजणी केल्याने मोजमापातील चूक कळते. प्रयोगातील चूक कळत नाही. या पाच नोंदी पाच स्वतंत्र मध्यबिंदू म्हणून भरल्यास शुद्ध त्रुटी अवास्तव लहान दिसते आणि योग्य प्रतिमानही विसंगत ठरू शकते. मध्यबिंदूचा प्रत्येक प्रयोग स्वतंत्र चंबूत, नव्याने आणि नेमून दिलेल्या क्रमानेच व्हावयास हवा.

तिसरा दोष निष्कर्षाच्या पातळीवरचा आहे. तीन घटकांच्या द्विघाती समीकरणात १० सहगुणक असतात. १७ नोंदींवर इतके सहगुणक बसविल्यावर आर-वर्गाचे मूल्य उच्च येणे ही मोठी सिद्धी नव्हे. शिवाय बॉक्स-बेन्केन आराखड्यात प्रयोगक्षेत्राच्या कोपऱ्यांवर एकही प्रयोग नसतो. तरीही सॉफ्टवेअर कोपऱ्याजवळची ‘इष्टतम’ स्थिती निःशंकपणे सुचवू शकते. ही सूचना भाकीत असते, निष्कर्ष नव्हे. त्या स्थितीत प्रत्यक्ष प्रयोग करून भाकिताची पडताळणी केल्याशिवाय ती प्रसिद्ध करणे शास्त्रीय शिस्तीत बसत नाही.

विवेकी वापराचे निकष :

या दोषांतून काही निकष स्पष्ट होतात. संगणक सुरू करण्यापूर्वी संशोधनाचा प्रश्न, प्रायोगिक एकक आणि अपेक्षित फरक लेखी ठरवावा. घटकांच्या पातळ्या प्राथमिक चाचणीवरून निवडाव्यात. सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती आणि यादृच्छिक क्रमाचा बीजांक नोंदवहीत लिहावा, म्हणजे तोच आराखडा दुसऱ्यास पुन्हा तयार करता येईल. प्रत्यक्ष पाळलेला क्रम नियोजित क्रमाशेजारी नोंदवावा आणि फसलेला प्रयोग गाळू नये, कारणासह नोंदवावा. ब्रिटनमधील ‘एनसी३आर्स’ या संस्थेने प्राण्यांवरील प्रयोगांसाठी तयार केलेले साहाय्यक साधन या दृष्टीने बोधप्रद आहे. ते संशोधकाला प्रयोगाची आकृती काढावयास लावते आणि तीवर अभिप्राय देते. प्रायोगिक एकक कोणते, हा प्रश्न तेथे टाळता येत नाही. प्राण्यांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ गणिती राहत नाही. चुकीच्या आराखड्यात प्राण्याचा जीव व्यर्थ जातो.

समारोप :

सॉफ्टवेअर गणित चुकत नाही. परंतु चंबू किती होते आणि प्रयोग कोणत्या क्रमाने झाले, हे त्याला ठाऊक नसते. त्याला सांगितलेली माहिती असत्य असेल, तर त्याचे अचूक उत्तर अधिक धोकादायक ठरते, कारण त्यावर विश्वास बसतो. म्हणून संशोधन-प्रशिक्षणात सॉफ्टवेअरच्या पडद्याआधी नोंदवहीची शिस्त शिकविली गेली पाहिजे. फिशर यांचा इशारा संगणकाने रद्द केलेला नाही. पूर्वी शवविच्छेदन संख्याशास्त्रज्ञ करीत असे. आज ते सुबक आलेखांच्या आड होते आणि प्रयोग जिवंत असल्याचा भास मात्र कायम राहतो.