ब्रायन कर्निघन यांचं ‘युनिक्स’ : आठवणी कोणाच्या, यंत्र कोणाचं?

आजचं पुस्तक म्हणजे ‘युनिक्स : अ हिस्टरी अँड अ मेमॉयर’. २०१९ मध्ये कर्निघन यांनी ते स्वतःच प्रकाशित केलं. १९६९ पासून तीसेक वर्षं ते बेल लॅब्समध्ये होते, त्यामुळे ही घरातल्या माणसाने सांगितलेली घरची गोष्ट आहे. तिचा गोडवाही तोच आणि अडचणही तीच.

आधी टाइमशेअरिंग म्हणजे काय ते सांगतो. डोंबिवलीकरांना ते समजायला वेळ लागणार नाही. कल्याणहून बसून आलेला माणूस ठाण्याला उठतो आणि डोंबिवलीपासून उभा असलेल्या ग्रुपमधल्या दोस्ताला जागा देतो. सीट एक, माणसं दोन. संगणकात हीच वाटणी सेकंदाच्या बारीक तुकड्यांत होते, इतक्या झटपट की प्रत्येकाला वाटतं सीट आपल्या एकट्याची. आपल्या गाडीत हा भ्रम कोणालाच होत नाही. (हशा)

त्याआधी पंच केलेल्या कार्डांचा जमाना होता. गठ्ठा खिडकीत द्या, छापील कागद येईपर्यंत थांबा, एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा रांग. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली आलेल्या सीडीसी ३६०० साठीही असेच गठ्ठे यायचे. एमआयटीत कोर्बातो यांनी १९६१ मध्ये टाइमशेअरिंग चालवून दाखवलं. मग एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स यांनी मिळून मल्टिक्स हा मोठा घाट घातला. १९६९ मध्ये बेल लॅब्स त्यातून बाहेर पडली.

इथून पुढे पुस्तक रंगतं. केन थॉम्पसन यांना एक जुनं, फारसं वापरात नसलेलं पीडीपी-७ सापडतं. त्यांची पत्नी लहान मुलाला घेऊन तीन आठवडे कॅलिफोर्नियाला जाते, आणि तेवढ्यात युनिक्स उभं राहतं. हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. माझी तक्रार इथेच आहे. त्या तीन आठवड्यांमागे मल्टिक्सची वर्षं होती, रिची आणि कॅनडे यांच्याबरोबर फळ्यावर मांडलेली फाइल सिस्टिम होती. आणि हो, तान्हं मूल दुसरं कोणीतरी सांभाळत होतं. फाइल सिस्टिमची हकिकत पुस्तकात आहे, नाही असं नाही. पण किस्सा एवढा चमकतो की बाकीचं वाचकाच्या हातून निसटतं.

दुसरा प्रसंग मला त्याहून मोलाचा वाटतो. मल्टिक्समध्ये हात पोळल्यामुळे वरिष्ठ नवीन यंत्राला पैसे देईनात. तेव्हा या मंडळींनी युक्ती काढली : पेटंट विभागाचे अर्ज टाइप करायची सोय करून देतो, यंत्र घेऊन द्या. पीडीपी-११ आलं. कर्निघन ही गोष्ट मजेत सांगतात, पण त्यांचं लक्ष यंत्र कसं मिळवलं याच्यावर.

डेनिस रिची यांचा १९७९ चा निबंध काढून वाचा. कोरडा आहे, पण त्यात १९७१ चा उत्तरार्ध दिसतो. पेटंट विभागाचे तीन टायपिस्ट दिवसभर त्याच यंत्रावर अर्ज टाइप करताहेत आणि संशोधक शेजारी आपले प्रयोग करताहेत. मेमरी २४ के, डिस्क अर्धा मेगाबाइट. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या मेमरीत घुसू नये अशी कसलीही सोय नाही. म्हणजे थॉम्पसन यांचा नवा प्रोग्रॅम बिघडला तर टायपिस्टचं काम बंद! डिस्क भरली की त्यांनी केलेलं काम टेपवर काढायचं. हे खरं वाटून घेणं. युनिक्सवर रोजच्या पोटापाण्याचं काम आधी करणाऱ्यांत हे तिघे होते. त्यांना यंत्र कसं वाटलं, हे ना निबंधात आहे ना आठवणींत.

पैशाबाबत मात्र लेखक प्रामाणिक आहे. टेलिफोनच्या मक्तेदारीचं स्थिर उत्पन्न आणि ‘यंदा काय केलंत’ असं दर महिन्याला न विचारणारे साहेब, याशिवाय हे घडलं नसतं, हे तो लपवत नाही. प्रतिभेच्या गप्पा मारणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

पुस्तक जरूर घ्या, फक्त आधी रिचींचा निबंध वाचा. तो लहान आहे, ठाणे ते सीएसएमटी फेरीत उरकेल. आणि सभागृहात कोणी कधी कार्डं पंच केली असतील, टर्मिनलसाठी नंबर लावला असेल, तर कार्यक्रमानंतर पाच मिनिटं थांबा. माझ्याकडे रेकॉर्डर आहे.