गालिचा आणि आयदान

एका घराण्याच्या चार-पाच पिढ्या आणि त्यांच्यावरून गेलेला काळ हा कादंबरीचा भरदार विषय आहे, असे प्रस्थापित समीक्षा मानते. तोच विषय दलित स्त्रीने हाताळला की त्याचे 'आत्मकथन' होते आणि मोजमाप 'प्रांजळपणा'पाशी येऊन थांबते. ही वाटणी आपण का मान्य करावी?

नीनो हारातिश्विली ही १९८३ साली तिबिलिसीत जन्मलेली, जर्मन भाषेत लिहिणारी जॉर्जियन लेखिका. तिची 'आठवे आयुष्य' ही हजारावर पानांची कादंबरी २०१४ साली आली. चॉकलेट बनविणाऱ्या एका सुखवस्तू घराण्यावरून क्रांती, स्टालिनची राजवट, महायुद्ध असे सारे शतक जाते. माणूस म्हणजे गालिच्यातला एक धागा, ही तिथली मध्यवर्ती प्रतिमा.

उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) वाचताना हा गालिचा आठवतो आणि फरकही जाणवतो. गालिचा दिवाणखान्यात अंथरतात. आयदान म्हणजे सुपे, टोपल्या, रोवळ्या. त्या विकल्या तर चूल पेटते. इतरत्र हे काम बुरुडाचे, कोकणात ते महारवाड्यात चाले. नवरा गेल्यावर लेखिकेच्या आईने आयदाने विणूनच मुले वाढविली. आपल्या लेखनाची वीण तीच आहे असे लेखिका सांगते तेव्हा ती अलंकार वापरीत नसते, वारसा सांगत असते.

हारातिश्विलीच्या घराण्याला एक 'आधी' आहे. वैभव होते, ते गेले. म्हणून आघाताला साल आहे. 'आयदान'मधल्या आघाताला साल नाही. डोक्यावर भारा घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायांची डोंगरउतरण कधी सुरू झाली, कोण सांगणार? आपल्याकडे साल लागते ते सुटकेला : महाड १९२७, धर्मांतर १९५६. आणि पुस्तकाचे खरे बळ मला इथेच दिसते. सुटकेनंतरही घरात काय उरते, हे ते लपवीत नाही. शिकणाऱ्या, बाहेर वावरणाऱ्या बायकोवर नाराज होणारा नवरा त्यात आहे, तरुण मुलाचा मृत्यू आहे. चळवळीतल्या पुरुषांना ही पाने अवघड जातात. जावीतच.

कादंबरीकार पणजीलाही कल्पनेने उभी करू शकते. आत्मकथन तोंडी ऐकले तेवढेच मागे जाते, आणि ही मर्यादा लेखिकेची नव्हे; ज्यांच्या नावाने कागदच झाला नाही त्या समाजाची आहे. जॉर्जियन कादंबरीत ब्रिल्का या मुलीच्या नावाचा शेवटचा भाग कोरा ठेवला आहे, तिने तो लिहावा म्हणून. पेण-रोह्याकडून आमच्या वर्गात येणाऱ्या मुलांची सुरुवातीचीच पाने कोरी आहेत. पणजोबांचे नाव विचारले तर गप्प होतात, गावच्या खोताचे मात्र सांगता येते. बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले. त्या वेळी वेठीला राबलेल्या बायांच्या लेकी अजून वाड्यावस्त्यांतून हयात आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन अद्याप फारसे कोणी गेलेले नाही.