कामचुकारांची हजेरी

इंग्रजीतल्या 'लोफर', 'स्लॅकर', 'शर्कर' या साऱ्यांना आळशी किंवा कामचुकार म्हणून वाटेला लावण्याची आपल्या कोशांची रीत आहे. माझा आक्षेप तिथेच आहे. असा शब्द कोण कोणाला म्हणतो, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

'स्लॅकर' हा शब्द पहिल्या महायुद्धात लष्करभरती टाळणाऱ्यांना लावला गेला. आपला 'ऐदी'ही फौजेतलाच. अकबराच्या काळचे 'अहदी' म्हणजे कोणा मनसबदाराच्या हाताखाली नसलेले, थेट बादशहाचे शिपाई. त्या नावाला आळस पुढे चिकटला. (आपले 'मस्टर'सुद्धा मुळात लष्करीच.) ही सगळी वरच्याने खालच्याला ठेवलेली नावे.

'अंगचोर' मात्र वेगळा. तो वेळेवर येतो, मस्टरवर त्याची सही असते. चौघांनी ओझे उचलायचे तर तोही खांदा लावतो, फक्त भार घेत नाही. मुकादमाला हे लांबून दिसत नाही, शेजारच्याच्या खांद्याला कळते. ही बरोबरीच्या माणसाची तक्रार आहे. 'शर्कर'मध्ये ती येत नाही.

माटुंग्यात रेल्वेचा कारखाना 1915चा, रुईया महाविद्यालय 1937चे. कारखान्यातली गैरहजेरी म्हणजे 'खाडा', त्याचा पगार कापला जातो. कॉलेजातली ती 'दांडी', तिचे पुढे किस्से होतात. कट्ट्यावर तासन्‌तास बसणे हा 'टाइमपास', पण परळ-लालबागच्या नाक्यावर तसाच बसलेला पोरगा 'लोफर'. गंमत अशी, की ब्रिटिश अमदानीत इथे 'लोफर' म्हणत ते बेकार, भटक्या गोऱ्यांना. त्यांच्या बंदोबस्तासाठी 1874 साली युरोपियन व्हेग्रन्सी कायदाही झाला. साहेबाच्या बेकार भाऊबंदांचे नाव चाळीतल्या मुलांच्या वाट्याला आले आणि वाटेत त्यात आळसाऐवजी चारित्र्यावरचा संशय भरला. कोशात या अर्थांतराची दखल हवी.

त्याहून मला खटकतो तो 'रिकामटेकडा'. काम नसलेला आणि काम नको असलेला, दोघांनाही आपण हाच शब्द लावतो. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हजारो कामगारांचे काम कायमचे गेले. त्यांतले कित्येक पुढे दिवसभर नाक्यावर बसलेले दिसत. त्यांच्यासाठी बोलीत वेगळा शब्द घडला नाही. 'बेकार' होता, पण त्याचाही दुसरा अर्थ निरुपयोगी.