राष्ट्रनौका आणि ‘रामदास’ : एका वृत्तपत्रीय रूपकाची मर्यादा

विसाव्या शतकाच्या मध्यास मराठी वृत्तपत्रांत जलप्रवास वाच्यार्थ व लक्ष्यार्थ अशा दोन पातळ्यांवर अवतरतो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. ६०० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. वार्तेचा विषय प्रवासी हाच होता. महिन्याभरातच देश स्वतंत्र झाला. या काळातील अग्रलेखांत ‘राष्ट्रनौका’, ‘सुकाणू’, ‘कर्णधार’ ही रूपके रूढ होती. तेथे कर्णधार ठळक दिसतो. प्रवासी मात्र अदृश्य होतात. समुद्रापासून दूर असलेल्या बुलडाणा जिल्ह्यातील अनेक वाचकांना ‘सुकाणू’ वस्तू म्हणून नव्हे, तर सत्तेचा पर्याय म्हणूनच भेटले असणार. अनुभवाचा आधार नसला की रूपक तपासले जात नाही, केवळ स्वीकारले जाते. म्हणून हे अग्रलेख ‘रामदास’च्या वार्तेशेजारी ठेवून वाचणे अगत्याचे ठरते.