बी.एफ.ए. आणि बी.डेस.मधली भिंत

विषय ऐकायला कोरडा आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. दृश्यकला आणि डिझाइन यांत बारावीनंतर कोणत्या पदव्या घेता येतात, यावर व्याख्यान कसलं द्यायचं? माहितीपत्रक वाचलं की झालं. पण माहितीपत्रक हाही एक मजकूरच असतो आणि कादंबरीची किंवा चित्रप्रदर्शनाची करतो तशी त्याचीही समीक्षा करता येते. खरं तर करायलाच हवी. कादंबरी फसली तर आपले दोन-चारशे रुपये जातात. इथे एखाद्या मुलीची चार वर्षं जातात.

तर मजकूर काय आहे ते आधी बघू. मुंबईचं सर जे. जे., नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय कला महाविद्यालयं, पुण्याचं अभिनव, गोव्यात पणजीचं कला महाविद्यालय, इथली ओळखीची पदवी म्हणजे बी.एफ.ए. चार वर्षांची. तिच्यात रेखा व रंगकला, शिल्पकला, उपयोजित कला अशा शाखा; कुठे कुठे वस्त्रकला, मृत्तिकाकला, धातुकामही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेलात तर पदवीचं नाव बी.व्ही.ए. होतं. आणि तिसरी बी.डेस. ही आयआयटीत, अहमदाबादच्या एनआयडीत आणि आता गल्लोगल्ली उघडलेल्या खाजगी विद्यापीठांत मिळते. पालक विचारतात, ‘‘यातल्या कशाला स्कोप आहे?’’ स्कोप हा शब्द आपण मराठीत इतका मुरवलाय, की त्याच्यापुढे दुसरा प्रश्न सुचतच नाही.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. कला आणि डिझाइन हे दोन वेगळे प्रांत आहेत, एक ‘आवडीचा’ आणि एक ‘करिअरचा’, ही जी समजूत या नावांमुळे पसरली आहे तिला इतिहासात फारसा आधार नाही. भिंत आहे, पण ती विषयांमधली नाही. ती प्रवेशाच्या दारात उभी आहे. आणि तिथे मुलं निवडली जातात ती डोळ्यावर आणि हातावर कमी, भाषेवर आणि पैशावर जास्त.

जे. जे.चंच बघा. 1857 साली ही शाळा सुरू झाली, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. त्याआधी 1851 मध्ये लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. हिंदुस्थानी कारागिरांचा माल तिथे लोकांच्या डोळ्यांत भरला, आणि या कारागिरीचं पुढे काय करायचं ही चर्चा सुरू झाली. म्हणजे जे. जे.च्या स्थापनेमागे कारागिरी, वस्तू, नक्षी, बांधकाम यांचा विचार मोठा होता. 1865 मध्ये लॉकवुड किपलिंग इथे शिकवायला आले ते इमारतींवरच्या शिल्पकामासाठी. आजच्या भाषेत बोलायचं तर ती बऱ्याच अंशी डिझाइनचीच शाळा होती, बरं का. तैलरंगातलं व्यक्तिचित्र आणि निसर्गदृश्य यांची प्रतिष्ठा नंतर वाढली. मग 1930च्या दशकात कमर्शियल आर्टचा विभाग निघाला, पुढे त्याची स्वतंत्र संस्था झाली आणि ‘कमर्शियल’चं ‘उपयोजित’ झालं. हा शब्द आम्हाला कायम खटकतो. आधी कुठेतरी शुद्ध कला तयार होते आणि मग ती साबणाच्या वेष्टनाला लावायची, असा त्याचा सूर आहे. चांगलं वेष्टन करणारा माणूस असं काम करत नाही.

दादासाहेब फाळके कुठल्या शाखेचे? 1885 साली ते जे. जे.त दाखल झाले, 1890 मध्ये बडोद्याच्या कलाभवनात गेले. चित्रकला, प्रतिमानबंध, वास्तुकला, छायाचित्रण, मग छपाई, असं सगळं करत करत ते 1913च्या ‘राजा हरिश्चंद्र’पर्यंत पोचले. आजच्या प्रवेश अर्जात त्यांना एकाच चौकोनात खूण करावी लागली असती. त्यातही कलाभवनाची गोष्ट आपल्या विषयाला फार जवळची आहे. ते उभं करणारे त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता, की तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेतून द्यायचं. हे 1890 सालचं बोलतोय आम्ही.

आता डिझाइनच्या बाजूने या. 1958 मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारसाठी अहवाल लिहिला. त्यांना आपल्याकडची सर्वांत उत्तम रचना कोणती वाटली? तांब्या. आपला रोजचा लोटा. त्या अहवालानंतर 1961 मध्ये अहमदाबादला एनआयडी आलं. 1969 मध्ये मुंबईच्या आयआयटीत आयडीसी म्हणजे इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं, ते सुधाकर नाडकर्णी यांनी. नाडकर्णी शिकले कुठे? जे. जे.त, आणि मग जर्मनीत उल्मला. गुवाहाटीच्या आयआयटीतला डिझाइन विभागही त्यांनीच उभारला. त्याच आयडीसीत पुढे र. कृ. जोशी प्राध्यापक झाले. तेही जे. जे.चेच, जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक, सुलेखनकार आणि कवी. विंडोजसोबत येणारा ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. तुमच्यापैकी अनेकांनी आयुष्यातलं पहिलं मराठी पत्र संगणकावर टंकलं असेल ते या अक्षरांत. आता सांगा, हे काम कलेचं की डिझाइनचं? उपयोजित की शुद्ध?

म्हणजे ज्या संस्थांची बी.डेस. आज कलाशाळांच्या वरची पायरी मानली जाते, त्यांतल्या काही कलाशाळेतून आलेल्या माणसांनी बांधल्या आहेत. मग दाराशी काय होतं?

आपल्याकडे शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा होतात. चित्रकलेच्या मास्तरांनी शाळा सुटल्यावर थांबवून तयारी करून घेतलेली मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. या सभागृहातही असतील. त्या परीक्षेचे विषय आठवा: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. डिझाइनला यापेक्षा वेगळं काय लागतं? निरीक्षण, स्मृती, रचना, मोजमाप, अक्षर. सगळं आहे. मात्र ते शिकवलं कसं जातं, याची तक्रार आम्हीही करू. संकल्पचित्र म्हणजे आकारात पानंफुलं बसवून पोस्टर कलर सपाट भरायचा, हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या तसाच आहे. ‘संकल्प’ हा केवढा मोठा शब्द, आणि त्याची आपण रांगोळी केली. रांगोळीचा अपमान करायचा नाही, ती स्वतः फार हुशार गोष्ट आहे. पण मुलांना तीसुद्धा विचार करून काढू देत नाहीत.

या वाटेने आलेली मुलगी बी.एफ.ए.च्या सीईटीला बसते, तेव्हा तिला ओळखीचं काहीतरी दिसतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आहेच, सोबत सामान्यज्ञान. आयआयटीच्या बी.डेस.साठीची यूसीड परीक्षा वेगळी. पहिला भाग संगणकावर, इंग्रजीत. त्यात ठरावीक पात्रता आली तरच दुसऱ्या भागातलं चित्र तपासलं जातं. आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी, की ही परीक्षा मूर्ख नाही. आकार मनात फिरवून बघणं, नेहमीच्या वस्तू बारकाईने पाहिलेल्या असणं, हे ती तपासते आणि ते तपासायलाच हवं. आमचा आक्षेप क्रमाला आहे. चाळीसगावच्या मराठी शाळेतल्या मुलीचा हात कितीही बोलका असला तरी तो कुणी बघायच्या आधी तिचं इंग्रजी वाचन आणि क्लासची फी बघितली जाते. शिवाय शासकीय कला महाविद्यालयाचं शुल्क आणि या संस्थांचं शुल्क यांत कितीतरी पटींचा फरक. मग लोक म्हणतात, ‘‘मराठी मुलं डिझाइनकडे वळत नाहीत.’’

आतमध्ये गेल्यावर काय? बी.डेस.मध्ये वापरणाऱ्या माणसाकडे जाऊन त्याची अडचण समजून घ्यायला शिकवतात. ही फार मोलाची सवय आहे, आणि बी.एफ.ए.त ती जवळजवळ नाही. उलट बी.एफ.ए.त एकाच मॉडेलसमोर आठवडाभर बसून बघत राहण्याची शिस्त आहे, ती घाईच्या प्रकल्पांत हरवते. कलेतिहास मात्र दोन्हीकडे बहुधा उपेक्षित. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायची नावं आणि सनावळ्या. इथे बडोद्याचं वेगळेपण दिसतं. 1950 मध्ये तिथली फॅकल्टी विद्यापीठाचाच भाग म्हणून जन्मली. चित्रविभागाला ना. श्री. बेंद्रे यांच्यासारखा शिक्षक होता, आणि कलेतिहास व सौंदर्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग त्याच आवारात. चित्र काढणारा आणि चित्रावर लिहिणारा एकाच कँटीनमध्ये चहा पीत होते. अभ्यासक्रमाच्या कागदावर हे दिसत नाही, पण भूपेन खक्कर हा मुंबईचा हिशेबनीस तिथे कलासमीक्षा शिकायला गेला आणि चित्रकार झाला, ते अशाच वातावरणात.

2023 मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि नावात कला, वास्तुकला, डिझाइन हे तिन्ही शब्द आले. चांगली गोष्ट आहे. तिन्ही संस्था एकमेकींना लागूनच होत्या. पण नावात शब्द आल्याने शिल्पकलेच्या विद्यार्थ्याला वस्त्रकलेच्या मागावर बसता येईल का? उपयोजितच्या मुलाला वास्तुकलेचा एखादा तास श्रेयांकासह घेता येईल का? हे वेळापत्रकावर ठरतं. कायमस्वरूपी शिक्षक आहेत की तासिका तत्त्वावरचे, यावर ठरतं. आणि दर्जा बदलल्यावर शुल्क कुठे जातं, यावर तर फारच.

म्हणून पालकांना आणि मुलांना आमचं सांगणं, पदवीचं नाव बाजूला ठेवा. महाविद्यालयात जा आणि तिसऱ्या वर्षाचं वेळापत्रक मागा. कार्यशाळा संध्याकाळी उघडी असते का ते विचारा. ग्रंथालयात मराठी पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत, आणि त्या कपाटाला कुलूप आहे का, तेही बघा. वार्षिक प्रदर्शन असेल तेव्हा मुद्दाम जा आणि कामाशेजारी उभ्या असलेल्या मुलाला विचारा, ‘‘हे असं का केलंस?’’ तो मराठीत, हिंदीत, अडखळत का होईना, पण स्वतःचं उत्तर देत असेल तर तिथे काहीतरी शिकवलं जातंय. सगळीकडे एकच पाठ केलेलं इंग्रजी वाक्य ऐकू आलं, तर पदवी कुठलीही असो, जरा थांबा.

आता प्रश्न घेऊ. मागे खिडकीपाशी हात वर आहे, त्यांच्याकडे माइक द्या.